धूर आमच्या छातीत, वाफ त्यांच्या हातात

नेब्युलायझर आता मुठीत मावतो. तो पूर्वीसारखा घरघरत नाही, बॅटरीवर चालतो, पर्समध्ये घालून प्रवासाला नेता येतो, औषध फारसं वाया जाऊ देत नाही. औषधांच्या दुकानातल्या जाहिरातीत एक हसरी आई मांडीवरच्या बाळाच्या तोंडावर मास्क धरून बसलेली असते. तंत्रज्ञान पुढे गेलं आहे, यात शंकाच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ते पुढे गेलं ते कोणाच्या दिशेनं? आणि त्या चित्रातल्या आईलाच दमा असेल, तर तिच्या तोंडावर मास्क कोण धरणार?

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतल्यापासून मी वस्त्यांमध्ये आणि खेड्यांमध्ये बायकांच्या आरोग्यावर काम करते आहे. बाळंतपण, रक्तक्षय, कुटुंबनियोजन यांवर पोस्टर्स आहेत, निधी आहे, उद्दिष्टं आहेत. बाईचा श्वास मात्र कोणाच्याच यादीत ठळकपणे येत नाही. व्यवस्थेच्या लेखी बाई म्हणजे गर्भाशय. त्याच्या वर वीतभर अंतरावर दोन फुप्फुसंही असतात, हे जणू कोणाच्या गावीच नाही.

म्हणून या अंकात मला वाफेच्या यंत्राबद्दल लिहायचं आहे. विषय तांत्रिक वाटेल. पण मैत्रिणींनो, ज्या ज्या गोष्टी ‘तांत्रिक’ म्हणून आपल्या हातातून काढून घेतल्या गेल्या, त्या त्या ठिकाणी आपलं नुकसानच झालं, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

यंत्र नेमकं काय करतं?

पाणी उकळून घेतलेली वाफ आणि नेब्युलायझरची ‘वाफ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेब्युलायझर औषध तापवत नाही. तो पातळ औषधाचे इतके बारीक तुषार करतो, की श्वासाबरोबर ते फुप्फुसांच्या आतल्या नळ्यांपर्यंत पोचावेत. या तुषारांचा आकार साधारण १ ते ५ मायक्रॉन असावा लागतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज येईल. ५ मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब तोंडात आणि घशात अडकतात. फार बारीक कणांतले बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर निघून जातात.

हा आकार साधण्यासाठी माणसानं दीडशेहून अधिक वर्षं डोकं लढवलं आहे. १८५८ साली पॅरिसच्या साल-जिरों या डॉक्टरानं हातपंपानं चालणारं, उचलून नेता येणारं तुषारयंत्र केलं. पुढे विजेवर चालणारे कॉम्प्रेसर आले. दाबाखालची हवा एका बारीक छिद्रातून जोरानं सोडायची, तिनं औषध वर ओढून फोडायचं, हे ‘जेट’ यंत्र. आपल्या दवाखान्यांत घरघरताना दिसतं ते बहुतेक हेच. त्याला वीज लागते, एका वेळेला दहा-पंधरा मिनिटं जातात, साधारण एक मिलिलिटर औषध कपाच्या तळाशी तसंच उरतं. घातलेल्या औषधातला दहा टक्क्यांच्या आसपासच भाग फुप्फुसात पोचतो. नंतर ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रं आली. ती शांत होती, पण औषध तापवायची, आणि दम्याची सूज उतरवणारं ब्युडेसोनाईड त्यांच्यातून नीट जात नसे. अलीकडची ‘जाळी’ची यंत्रं या सगळ्यांच्या पुढची आहेत. सूक्ष्म छिद्रांची एक पातळ जाळी सेकंदाला हजारो वेळा थरथरते आणि तिच्यातून औषध तुषार होऊन बाहेर पडतं. आवाज नाही, औषध फार थोडं उरतं, वेळ कमी लागतो. काही यंत्रं तर रुग्णाचा श्वास ओळखून फक्त तो आत घेतानाच औषध सोडतात.

यंत्राबरोबर औषधंही बदलली. फुप्फुसाच्या एका चिवट जंतुसंसर्गासाठी अमिकासिन हे प्रतिजैविक मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून खास जाळीच्या यंत्रातून द्यायला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. जून २०२४ मध्ये सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारासाठी, एन्सिफेंट्रिन हे नव्या प्रकारचं औषध तिथे मान्य झालं. तेही नेब्युलायझरमधूनच घ्यायचं. ही प्रगती खरी आहे. मी तिची टिंगल करत नाही.

आणि चूल काय करते?

आता याच आकड्यांकडे बाईच्या बाजूनं बघा. औषध फुप्फुसात खोल जावं म्हणून त्याचे कण ५ मायक्रॉनपेक्षा बारीक करायला जगभरचे अभियंते झिजले. लाकूड, गोवरी, तुराट्या-पऱ्हाट्या जाळणारी चूल २.५ मायक्रॉनपेक्षाही बारीक कण सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, कोणतंही यंत्र न लावता तयार करते. ते नेमके तिथेच जाऊन बसतात जिथे औषधानं जावं अशी आपली धडपड असते. विषाची मात्रा बाईला रोज, घरपोच आणि फुकट मिळते. औषधाच्या मात्रेसाठी मात्र तिला रांग, बसभाडं आणि नवऱ्याची परवानगी लागते.

सिगारेट-विडी न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो हे सांगायलासुद्धा फार वर्षं जावी लागली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की या आजाराच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेलं नसतं. म्हणजे इतकी वर्षं ‘धूम्रपान करणाऱ्या पुरुषाचा आजार’ म्हणून ज्याची ओळख होती, तो आमच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख आणि दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येपैकी १८ टक्के माणसं आपल्याकडे राहतात. श्वसनाच्या जुनाट आजारांमुळे जगात निरोगी आयुष्याची जेवढी हानी होते, तिच्यातला ३२ टक्के वाटा मात्र आपल्या पदरात पडतो.

कोणी म्हणेल, आता गॅस आला ना? आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी बायकांच्या नावावर जोडण्या झाल्या. ही मोठी गोष्ट आहे. पण जोडणी म्हणजे ज्योत नव्हे. सरकारच्याच आकड्यांनुसार २०२३-२४ साली उज्ज्वलाच्या कुटुंबानं वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर घेतले. पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक चार सिलिंडरमध्ये होत नाही, हे कोणतीही बाई हिशेब न मांडता सांगेल. बाकीचे दिवस चूल पेटते. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, ही आजची तडजोड आहे. शिवाय कापसाचं जिनिंग, विडीचा तंबाखू, वीटभट्टी, दगडखाण, झाडलोट, ही धुळीची कामं कोणाच्या वाट्याला येतात हे वेगळं सांगायला नको.

एका घरातले तीन दमेकरी

मराठवाड्यातल्या एका खेड्यात मी एका घरी नियमित जाते. त्या घरात तिघांना दम आहे. मुलाच्या खिशात पंप असतो, कारण त्याला कामावर जावं लागतं. नातवासाठी फळीवर नेब्युलायझर ठेवलेला असतो, त्यावर भरतकामाचा रुमाल. आजीच्या कनवटीला गोळ्यांची पुडी असते. तीस वर्षं चुलीपुढे बसलेली ती, सगळ्यांत जास्त दम तिला. पण तिचा उपचार सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत अपायकारक. मी विचारलं, यंत्र तुम्ही का नाही वापरत? ती हसून म्हणाली, “ते पोराचं हाय. म्या काय, आज हाय उद्या न्हाई.”

नातवाचं यंत्र धुणारी, कप उकळून ठेवणारी, रात्री दोन वाजता उठून मास्क धरणारी कोण, हे मी विचारलंच नाही. ते दिसतच होतं. जाळीचं यंत्र रोज नीट धुतलं नाही तर छिद्रं बुजतात, जेटचा कप ओला राहिला तर त्यात जंतू वाढतात. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर घरात एक नवं काम येतं आणि ते काम बाईच्या अंगावर पडतं. औषध मात्र तिच्या वाट्याला येत नाही.

त्या पुडीतल्या गोळ्यांचा हिशेब मांडू. सॅल्ब्युटामॉलची एक गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात हेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत फवाऱ्याच्या वीस ते चाळीस पट औषध पोटात जातं आणि रक्तातून सगळ्या शरीरभर फिरतं. हात कापतात, छातीत धडधडतं. बाई म्हणते, मला गोळीनं घाबरं होतं. डॉक्टर म्हणतो, बायका घाबरटच. स्टेरॉईडचंही तसंच. तोंडानं घ्यायच्या प्रेडनिसोलोनची ४० मिलिग्रॅमची मात्रा आणि पंपातून घ्यायच्या ब्युडेसोनाईडची २०० मायक्रोग्रॅमची मात्रा यांत वजनाचा दोनशेपट फरक आहे. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, मान्य. पण पुन्हा पुन्हा पोटातून आणि सुईतून स्टेरॉईड घेणाऱ्या बाईची हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. श्वासावाटे घेतलेलं औषध थेट जागेवर जातं, थोडं पुरतं. शहाणपण इतकं साधं आहे.

मग पंप का नको असतो? कारण पंप दिसतो. गोळी पदरात लपते. लग्नाच्या मुलीच्या पर्समध्ये पंप सापडला तर बैठक मोडते, म्हणून आई सांगते, तिकडे गेल्यावर काढू नकोस. ‘पंपाची सवय लागते’ ही अफवा पुरुषांच्या बाबतीत इतकी पसरत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. वयात आल्यानंतर दमा मुलग्यांपेक्षा मुलींना जास्त छळतो, पाळीच्या आधी अनेकींना तो वाढतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. गरोदरपणात तर सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या सांगतात, औषध बंद कर, पोराला बाधेल. खरं उलट आहे. श्वासावाटे घ्यायची नेहमीची औषधं गरोदरपणात सुरक्षित मानली जातात. दमा चिघळला आणि आईला प्राणवायू कमी पडला, तर बाळालाही तो कमी पडतो.

वाफेचा बाजार

आता त्या दवाखान्यांकडे वळू, जिथे ‘एक वाफ घेऊन जा’ म्हणतात. भट्टीवर काम करणारी एक बाई आठवड्यातून तीनदा अशी वाफ घेत होती. एका वाफेला तिची अर्ध्या दिवसाची मजुरी जायची. तासाभरात बरं वाटायचं, दोन दिवसांत पुन्हा तेच. तिला कोणीही सांगितलं नव्हतं, की यंत्रात घातलं जाणारं औषध नळ्या तेवढ्यापुरत्या सैल करतं, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवायचं औषध वेगळं असतं आणि ते बरं वाटत असतानाही रोज घ्यायचं असतं. दम्याविषयीची ‘जीना’ ही जागतिक तज्ज्ञसंस्था २०१९ पासून स्पष्ट सांगते आहे, की फक्त नळ्या सैल करणाऱ्या औषधावर दमा हाताळू नये.

तिला हे का सांगितलं गेलं नाही? कारण रोजचं औषध घरी, स्वतःच्या हातानं घेणारी बाई पुन्हा पुन्हा दारात येत नाही. यंत्र दवाखान्यात असेल तर श्वास दवाखान्याच्या मालकीचा होतो. मी सगळ्या डॉक्टरांना एका माळेत ओवत नाही. गावोगावी चांगले डॉक्टर आहेत आणि वेळ काढून पंप शिकवणाऱ्या नर्सताईही आहेत. पण ज्या व्यवस्थेत शिकवण्याचे पैसे मिळत नाहीत आणि वाफेचे मिळतात, तिथे कोणती गोष्ट जास्त होणार?

आणि इथे सगळ्यांत महत्त्वाचं सत्य दडवलं जातं. साधा पंप आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, एवढं असलं तरी दम्याच्या सौम्य आणि मध्यम झटक्यात नेब्युलायझरइतकाच उपयोग होतो. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासून हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. २०२० साली कोविडच्या साथीत तुषारांतून विषाणू पसरेल या भीतीनं जगभरच्या अनेक रुग्णालयांनी नेब्युलायझर बाजूला ठेवून पंप-स्पेसर हाती घेतले. म्हणजे स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांना ते सुचलं!

स्पेसर महाग वाटतो? दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला तळाशी पंप बसेल एवढं भोक पाडून कडा डिंकानं बंद केल्या, तर ती बाटली दमेकरी मुलांच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकंच काम देते. एका बाईनं फेकून दिलेल्या बाटलीतून हे काढलं. या पंपाच्या जन्मकथेतही एक मुलगीच आहे. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं वडिलांना विचारलं होतं, की केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का भरता येत नाही. १९५६ साली पंप बाजारात आला. तिचा प्रश्न ऐकला गेला, कारण तिचे वडील कंपनीचे प्रमुख होते. आमच्या वस्तीतल्या तेरा वर्षांच्या पोरी असेच प्रश्न विचारतात. त्यांचे वडील हमाल असतात.

मग नवी यंत्रं नकोत का?

‘म्हणजे श्रीमंतांना जाळी आणि गरिबांना बाटली, हेच का तुमचं न्यायाचं राजकारण?’ असा प्रश्न एका बैठकीत मला विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की बाटली ही गरिबांची सोय नाही. पंप आणि स्पेसर श्रीमंताच्या पोरालाही आधी तेच द्यावेत, असं शास्त्र सांगतं. पण ज्यांना पंप जमत नाही, अशांना यंत्रच हवं. संधिवातानं बोटं वाकलेली म्हातारी, श्वास ओढायची ताकद उरली नाही अशी सीओपीडीची रुग्ण, अगदी अशक्त मूल यांच्यासाठी शांत, बॅटरीवरचं, थोड्या वेळात औषध देणारं यंत्र ही चैन नाही. भारनियमनाच्या गावात तर तेच उपयोगी. ते सरकारी केंद्रात असलं पाहिजे, आणि गरजेनुसार घरी न्यायला मिळालं पाहिजे.

आणि हे यंत्र खेड्यात टिकणार नाही, असं मला कोणी सांगू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं गोवराची लस सुईऐवजी तुषारांतून देऊन पाहिली गेली, ती पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये, जाळीच्याच नेब्युलायझरनं. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारे दोन हजार बाळांवर ही चाचणी झाली. निष्कर्ष २०१५ साली आले. तुषारांतून लस दिलेल्या ८५.४ टक्के आणि सुईनं दिलेल्या ९४.६ टक्के बाळांत प्रतिकारशक्ती आढळली. सुई सरस ठरली, ते प्रामाणिकपणे सांगितलं गेलं, हे चांगलंच झालं. माझा मुद्दा एवढाच आहे, की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं तेव्हा अद्ययावत यंत्र आमच्या खेड्यात पोचलं, चाललं, हाताळलं गेलं. त्या बाळांच्या आयांच्या धापेसाठी ते का पोचत नाही?

आपण काय मागायचं?

आशाताई तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक तपासणी-अर्ज भरतात. त्यात दम लागतो का, हा प्रश्न आहे. स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हाही आहे. म्हणजे सरकारला धूर आणि दम यांचं नातं ठाऊक आहे. अर्ज भरून होतो, आशाताई पुढच्या घरी जाते. तिच्या पिशवीत त्या उत्तरासाठी काहीच नसतं. आपला लढा या रिकाम्या पिशवीपासून सुरू व्हायला हवा.

पहिली मागणी : सॅल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाईड ही श्वासावाटे घ्यायची औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेतच. ती यादीत नकोत, उपकेंद्राच्या कपाटात हवीत, मोफत आणि बारा महिने. सोबत स्पेसर.

दुसरी : पंप शिकवणं हे आशा आणि नर्स यांचं मोबदल्याचं काम माना. बाईकडून बाईला मिळालेलं हे शिक्षण ‘सेवाभाव’ म्हणून फुकटात उकळू नका.

तिसरी : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतला नेब्युलायझर, प्राणवायू आणि दोन्ही वापरणारं माणूस रात्रीही हवं. वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळे पडलेत, अशा अवस्थेत बाटली पुरत नाही, तिथे रुग्णालयच लागतं. अशा वेळी घरच्यांनी सकाळची वाट बघायची नाही.

चौथी : सिलिंडर बाईच्या मजुरीला परवडेल अशा दरात द्या. धूर तसाच ठेवून औषध वाटणं म्हणजे छप्पर गळत असताना फक्त जमीन पुसत बसणं. आणि ती पुसायलाही पुन्हा बाईच!

यातलं काही आपल्या हातात आजही आहे. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक साधा प्रश्न विचारा : इथे कोणाकोणाला दम लागतो, आणि ती काय घेते? किती हात वर होतात आणि किती पदरांतून गोळ्यांच्या पुड्या निघतात ते मोजा. मोजलेलं लिहून काढा आणि ते घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलापाशी जा. एकटी गेली तर तो म्हणेल, बाई, घाबरू नका. पन्नासजणी गेल्या तर त्याला कपाट उघडून दाखवावं लागेल.

घोषणा देताना, गाणी म्हणताना, मोर्चात चालताना आपण श्वास लावून लढतो. तो श्वास आपलाच आहे, त्याचं औषधही आपल्याच हातात हवं.